विश्लेषण : तापमान बदलताच वीज देणारे रेणूंचे स्फटिक कसे घडवतात? त्यातून किती वीज मिळेल?

सोसायटीच्या जिन्यात पाऊल पडताच दिवा लागतो आणि माणूस निघून गेला की काही वेळाने आपोआप विझतो. या दिव्याजवळच्या पांढऱ्या अर्धगोल टोपीखाली एक छोटीशी चकती असते. समोरून जाणाऱ्या माणसाच्या शरीरातून निघणारे अवरक्त किरण तिच्यावर पडतात, तिचे तापमान अंशाच्या अगदी लहान भागाने बदलते आणि तेवढ्यानेच तिच्यात विजेचा संकेत तयार होतो. दिवा लागतो तो या संकेतामुळे. हा गुणधर्म ‘पायरोइलेक्ट्रिक’ म्हणून ओळखला जातो. चाहूल लागण्यासाठी त्याचा वापर अनेक दशके होत आहे. आता प्रश्न पुढचा आहे. तापमानाच्या चढउतारातून मिळणारी ही वीज एखादे उपकरण चालवण्याइतकी वाढवता येईल का? आणि त्यासाठी शिसे असलेल्या सिरॅमिकऐवजी, द्रावणातून साध्या तापमानाला वाढवता येणारे रेणूंचे स्फटिक वापरता येतील का? जपान, चीन, युरोप आणि भारतातील रसायनशास्त्रज्ञ असे स्फटिक हवे तसे घडवण्याच्या मागे लागले आहेत.

तापमान बदलले की वीज का निर्माण होते?

काही रेणूंमध्ये विद्युतभार समान वाटलेला नसतो. एका टोकाला किंचित धन, तर दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असतो. असे सगळे रेणू स्फटिकात एकाच दिशेला तोंड करून बसले, तर संपूर्ण स्फटिकाचेही एक टोक धन आणि दुसरे ऋण होते. अशा स्फटिकाला ध्रुवीय स्फटिक म्हणतात. एरवी हा भार जाणवत नाही, कारण हवेतील आणि पृष्ठभागावरील विरुद्ध भाराचे कण त्याला चिकटतात आणि हिशेब बरोबर होतो.

स्फटिक तापला की त्यातील अणू-रेणू अधिक जोराने थरथरतात, त्यांच्यातील अंतरे आणि कोन थोडे बदलतात. त्यामुळे स्फटिकाची ध्रुवीयता सहसा कमी होते. पण पृष्ठभागावर आधी चिकटलेला भार तेवढाच राहतो. आता तो जास्त झालेला असतो. स्फटिकाच्या दोन्ही बाजूंना धातूचा पातळ थर देऊन ते तारेने जोडले, तर हा जास्तीचा भार तारेतून एका बाजूकडून दुसरीकडे वाहतो. हीच वीज. स्फटिक पुन्हा थंड झाला की प्रवाह उलट दिशेने वाहतो. तापमान स्थिरावले की प्रवाह थांबतो, मग स्फटिक कितीही गरम असो.

उष्णतेतून वीज बनवण्याच्या इतर पद्धतींपेक्षा हे वेगळे कसे?

उष्णतेतून थेट वीज मिळवण्याची अधिक परिचित पद्धत म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक. १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांनी तिचा शोध लावला. त्यात एक टोक गरम आणि दुसरे थंड ठेवावे लागते, म्हणजे एकाच वेळी दोन जागांच्या तापमानात फरक लागतो. पायरोइलेक्ट्रिक स्फटिकाला दोन टोके वेगवेगळ्या तापमानाला ठेवण्याची गरज नसते. संपूर्ण स्फटिक एकदम गरम झाला आणि एकदम थंड झाला तरी चालते. त्याला जागेतील नव्हे, तर काळातील फरक लागतो.

या फरकाला व्यवहारात महत्त्व आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक ऊर्जेपैकी सुमारे ७२ टक्के ऊर्जा रूपांतरानंतर वाया जाते आणि वाया जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ६३ टक्के उष्णता १०० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाची असते. कारखान्यातील पाण्याचे नळ, चालू-बंद होणारी यंत्रे, वाहनांचे भाग, संगणकांच्या खोल्या, उन्हात तापून रात्री निवणारे पत्रे, हे सगळे त्यात येते. इतक्या कोमट उष्णतेवर वाफेचे जनित्र चालत नाही. लहान वस्तूचे दुसरे टोक सतत थंड ठेवणेही अवघड असते. तापमानाची चढउतार मात्र सगळीकडे असते.

हा गुणधर्म केव्हा लक्षात आला?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, टुर्मलीन नावाचे खडे युरोपात नेले. निखाऱ्याजवळ ठेवलेला हा खडा राख ओढून घेतो, असे दिसल्याने डच लोकांनी त्याला ‘राख ओढणारा’ असेच नाव दिले. कार्ल लिनियस यांनी १७४७ मध्ये त्याचा संबंध विजेशी जोडला. १७५६ मध्ये फ्रान्झ एपिनस यांनी तापलेल्या टुर्मलीनच्या दोन टोकांवर विरुद्ध भार असतात हे दाखवले. ‘पायरोइलेक्ट्रिसिटी’ हा शब्द १८२४ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी रूढ केला.

याच अभ्यासातून पुढची वाट निघाली. तापवल्यावर वीज देणारे स्फटिक दाबल्यावरही वीज देतात का, हे पियरे आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये तपासले आणि दाबविद्युत म्हणजे पायझोइलेक्ट्रिक परिणाम सापडला. त्यांच्या यादीत टुर्मलीन आणि क्वार्ट्झ यांच्या सोबतीला उसाची साखर आणि रोशेल सॉल्ट हे पदार्थ होते. म्हणजे रेणूंपासून बनलेले स्फटिक या विषयात पहिल्यापासून आहेत. साखरेच्या स्फटिकाची रचनाही ध्रुवीय आहे. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात ज्याला आपण खडीसाखर म्हणतो, त्यातील प्रत्येक सुटा स्फटिक तत्त्वतः या कुळातला ठरतो. त्याचा परिणाम उपयोगी पडण्याइतका मोठा नाही, एवढेच.

मग प्रत्येक स्फटिक वीज का देत नाही?

याचे कारण सममिती. स्फटिकांचे त्यांच्या सममितीनुसार ३२ वर्ग पडतात. त्यांपैकी केवळ १० वर्ग ध्रुवीय आहेत आणि फक्त त्यांतलेच स्फटिक तापमानबदलाने वीज देऊ शकतात. उरलेल्या २२ वर्गांत रेणू कितीही ध्रुवीय असला तरी त्याच्या समोर उलट्या दिशेने बसलेला जोडीदार किंवा वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले शेजारी असतात आणि सगळ्यांचे परिणाम एकमेकांना पुसून टाकतात.

रेणूंना अशी जोडी जमवणे सोयीचे जाते. एकाच्या धन टोकाजवळ दुसऱ्याचे ऋण टोक आले की दोघांची ऊर्जा कमी होते. रेल्वेच्या डब्यात जागा कमी असली की दोन माणसे एकाचे डोके आणि दुसऱ्याचे पाय एका बाजूला करून झोपतात, तसेच हे. केंब्रिज येथील स्फटिकरचनांच्या संग्रहात दहा लाखांहून अधिक रचनांची नोंद आहे. त्यांतील साधारण तीन चतुर्थांश रचनांमध्ये प्रत्येक रेणूसमोर असा उलटा जोडीदार आहे. म्हणजे रसायनशास्त्रज्ञाने उत्तम ध्रुवीय रेणू तयार केला, तरी तो स्फटिकात कसा बसेल हे त्याच्या हातात नसते. ‘घडवणे’ हा शब्द येथे लागू होतो. रेणू बनवणे हे काम निम्मेच आहे. त्याला शेजाऱ्यांसोबत एकाच दिशेने उभे करणे हे खरे काम.

रेणूंना एका दिशेने उभे कसे करतात?

पहिला उपाय डाव्या-उजव्या रेणूंचा. आपले दोन्ही हात सारखे दिसतात, पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. अनेक सेंद्रिय रेणूंचीही अशी डावी आणि उजवी रूपे असतात. स्फटिक फक्त डाव्या रेणूंचा बनवला, तर त्यात आरशातली प्रतिमा येऊच शकत नाही. त्यामुळे परस्परांना पुसणाऱ्या जोड्यांचा एक मोठा मार्ग बंद होतो. तरीही हमी मिळत नाही. चार रेणू चार दिशांना तोंड करून बसले आणि बेरीज शून्य झाली, असे डाव्या रेणूंच्या स्फटिकांतही सर्रास घडते. पण शक्यता मात्र बरीच वाढते.

या उपायाचे जुने आणि यशस्वी उदाहरण म्हणजे ट्रायग्लायसिन सल्फेट, म्हणजे टीजीएस. ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. ते आणि सल्फ्युरिक आम्ल पाण्यात विरघळवून हा स्फटिक वाढवता येतो. १९५६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याची ध्रुवीयता विद्युतक्षेत्राने उलटवता येते, हे दिसून आले. तापमानातील बदलाला तो उत्तम प्रतिसाद देतो. खोलीच्या तापमानाला त्याचा पायरोइलेक्ट्रिक गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे २८० मायक्रोकूलॉम आहे. अडचण एकच. तो ४९ अंश सेल्सिअसच्या वर गेला की सगळे रेणू दिशा विसरतात. पुन्हा थंड केल्यावर काही भाग वर तोंड करतो, काही खाली, आणि स्फटिक निकामी होतो.

१९७१ च्या सुमारास यावर उपाय सापडला. टीजीएस वाढवताना त्यात थोडे डाव्या रूपाचे अॅलनिन मिसळले. अॅलनिन म्हणजे ग्लायसिनला एका कार्बनचा छोटासा गट जास्त जोडलेला रेणू. तो ग्लायसिनच्या जागी शिरतो, पण डावा असल्याने एकाच दिशेने नीट बसतो आणि आजूबाजूच्या रेणूंनाही तीच दिशा धरायला लावतो. स्फटिक ४९ अंशांच्या वर जाऊन परत आला, तरी दिशा विसरत नाही. हायड्रोजनच्या जागी त्याचे जड रूप ड्यूटेरियम घातले, तर ही मर्यादा सुमारे ६० अंशांपर्यंत वाढते. रसायनांची ओळख पटवणाऱ्या अवरक्त वर्णपटमापकांमध्ये आजही याच घराण्यातले स्फटिक वापरले जातात. एका रेणूत केलेला चिमूटभर बदल संपूर्ण स्फटिकाचे वागणे कसे ठरवतो, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

याशिवाय कोणते मार्ग आहेत?

दुसरा मार्ग प्रोटॉनच्या हालचालीचा. २०१० मध्ये जपानच्या साचिओ होरिउची, योशिनोरी तोकुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोकोनिक आम्ल या छोट्या सेंद्रिय रेणूच्या स्फटिकात खोलीच्या तापमानाला मोठी ध्रुवीयता असल्याचे दाखवले. त्यात एका रेणूवरचा प्रोटॉन शेजाऱ्याकडे सरकतो आणि रांगेतल्या सगळ्या रेणूंची दिशा एकत्र बदलते. स्फटिकात धातूचा एकही अणू नाही.

तिसरा मार्ग गोल रेणूंचा. चेंडूसारखा गोल रेणू स्फटिकात जागच्या जागी फिरू शकतो. त्यामुळे बाहेरून विद्युतक्षेत्र लावून त्याला हव्या दिशेला वळवता येते. २०१६ मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील गटाने अशा स्फटिकांची भुकटी दाबून केलेल्या चकत्यांनाही दिशा देता येते, हे दाखवले. मोठा, निर्दोष स्फटिक वाढवण्याची कटकट त्यामुळे टळू शकते. चीनमधील नानजिंगच्या साउथईस्ट विद्यापीठातील रेन-गेन शिओंग यांच्या गटाने याच तत्त्वावर अनेक नवे स्फटिक घडवले. २०१३ मध्ये त्यांनी मांडलेला डायआयसोप्रोपिलअमोनियम ब्रोमाइड हा स्फटिक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत ध्रुवीय राहतो.

इलेक्ट्रॉनच्या उडीचा नवा मार्ग कोणता?

वरच्या सगळ्या मार्गांत अणू किंवा रेणू हलतात. जपानच्या फुकुओका येथील क्युशू विद्यापीठातील ओसामू सातो यांच्या गटाने वेगळा विचार केला. रेणू जागेवरच ठेवून त्याच्या आतला इलेक्ट्रॉन हलवला तर? काही धातूंच्या संयुगांमध्ये तापमान वाढले की एक इलेक्ट्रॉन धातू आणि त्याला जोडलेला सेंद्रिय भाग यांच्यात उडी मारतो. इलेक्ट्रॉनने जागा बदलली की रेणूची ध्रुवीयता बदलते. ही उडी सगळ्या रेणूंमध्ये एकाच दिशेला झाली, तर स्फटिकातून वीज मिळते.

त्यासाठी या गटाने दोन वेगवेगळे धातू एका सेंद्रिय पुलाने जोडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एका टोकाला लोह आणि दुसऱ्या टोकाला कोबाल्ट होता. पण हे दोन धातू आकाराने इतके सारखे आहेत की स्फटिक बनताना रेणूचे डोके कोणते आणि पाय कोणते, हे ओळखू येत नाही. मग रेणू कसेही उलटसुलट बसतात. यावर तोड म्हणून एका टोकाच्या धातूला डाव्या वळणाचा, तर दुसऱ्या टोकाच्या धातूला उजव्या वळणाचा सेंद्रिय गट जोडण्यात आला. एका पायात डावी आणि दुसऱ्या पायात उजवी चप्पल घातली की पाय ओळखू येतात, तसे रेणूचे टोक आता ओळखू येते आणि सगळे रेणू एका दिशेने रचले जातात.

या स्फटिकाचे वैशिष्ट्य त्याच्या वागण्यात आहे. टीजीएससारखे स्फटिक ठरावीक तापमानाजवळ खूप वीज देतात, पण त्या तापमानापलीकडे गप्प होतात. लोह-कोबाल्टच्या स्फटिकात एका तापमानाला विजेचा टोकदार झोत मिळतो आणि त्यापुढच्या तापमानांनाही प्रवाह चालू राहतो. मात्र यश किती, हेही नीट पाहायला हवे. खोलीच्या तापमानाला त्याचा गुणांक पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकच्या बरोबरीचा आहे, आणि पीव्हीडीएफचा गुणांक टीजीएसच्या जेमतेम दहावा हिस्सा आहे. २०२३ मध्ये याच गटाने कोबाल्ट आणि गॅलियम यांच्या स्फटिकात प्रकाशाने इलेक्ट्रॉन हलवून ती ऊर्जा अतिशय कमी तापमानाला साठवता येते आणि तापवल्यावर विजेच्या रूपाने परत मिळते, हेही दाखवले.

सध्याचे सिरॅमिक का नको?

दाबविद्युत आणि पायरोइलेक्ट्रिक उपकरणांत सर्वांत जास्त वापरले जाणारे सिरॅमिक म्हणजे लेड झिर्कोनेट टायटॅनेट, म्हणजे पीझेडटी. नावातच शिसे आहे आणि वजनाने त्याचे प्रमाण निम्म्याहून जास्त असते. ते भाजण्यासाठी सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमान लागते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील विषारी पदार्थांवर युरोपीय महासंघाने २००६ पासून निर्बंध लागू केले. त्यात शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे. तरीही पुरेसा चांगला पर्याय नसल्यामुळे अशा सिरॅमिकला सवलत द्यावी लागली. फुटक्या, फेकलेल्या उपकरणांतले शिसे शेवटी कोणाच्या तरी हाताला आणि मातीला लागते. भंगारातून इलेक्ट्रॉनिक वस्तू वेगळ्या करणाऱ्यांसाठी हा प्रश्न कागदावरचा नाही.

रेणूंच्या स्फटिकांचा आणखी एक फायदा आहे. एवढ्याशा भारातून किती व्होल्ट मिळतील, हे पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरते. तो जितका कमी, तितके व्होल्ट जास्त. पीझेडटी प्रकारच्या सिरॅमिकचा गुणांक सुमारे ३८०, म्हणजे टीजीएसपेक्षा मोठा आहे. पण त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २९० च्या आसपास, तर टीजीएसचा ३८ च्या आसपास आहे. त्यामुळे ऊर्जेचा हिशेब मांडला की टीजीएस सुमारे चारपट सरस ठरतो. म्हणूनच संशोधक गुणांकाच्या एका आकड्यामागे न धावता या दोन्हींचा मेळ पाहतात.

किती वीज मिळू शकते?

एक कागदावरचा हिशेब करून पाहू. एक चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाचा, एक मिलिमीटर जाडीचा टीजीएस स्फटिक घेतला आणि त्याचे तापमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर नेले. गुणांक स्थिर धरला, तर सुमारे ०.२८ मायक्रोकूलॉम भार मिळतो. हा बदल दहा सेकंदांत झाला, तर प्रवाह सुमारे २८ नॅनोअँपिअर. व्होल्टेज मात्र, भार कुठेही गळला नाही असे धरले तर, आठ हजारांच्या घरात जाते. हातात येणारी ऊर्जा जास्तीत जास्त एक मिलिज्यूलच्या आसपास. एक ग्रॅम वजन दहा सेंटीमीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. नऊ वॉटचा एलईडी दिवा केवळ एक सेकंद लावायचा, तर असे नऊ हजार स्फटिक लागतील.

हा स्फटिक दहा अंशांनी तापवायला सुमारे २.३ ज्यूल उष्णता लागते. म्हणजे दिलेल्या उष्णतेपैकी दोन हजारातला जेमतेम एक भाग विजेत बदलला. अर्थात निसर्गाची मर्यादाही येथे कडक आहे. दहा अंशांच्या फरकातून कोणतेही यंत्र सुमारे ३.२ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढू शकत नाही.

तापमानासोबत विद्युतक्षेत्रही योग्य वेळी बदलले, तर बरेच जास्त मिळते. २०१८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे लेन मार्टिन, शिशिर पंड्या आणि सहकाऱ्यांनी सिरॅमिकच्या अतिपातळ थरातून घन सेंटीमीटरला १.०६ ज्यूल ऊर्जा मिळवली आणि निसर्गाच्या मर्यादेच्या १९ टक्के इतकी कार्यक्षमता गाठली. २०२२ मध्ये लक्झेंबर्गमधील गटाने सुमारे ४० ग्रॅम सिरॅमिकमधून एका फेरीत ११.२ ज्यूल वीज मिळवली. दोन्ही पदार्थांत शिसे आहे. शिसेविरहित रेणूंच्या स्फटिकांना गाठायचे आहे ते हे लक्ष्य, आणि ते अजून बरेच दूर आहे.

मग उपयोग कुठे होईल?

घराचे वीजबिल यातून कमी होणार नाही. ज्या उपकरणाला क्षणभरच, अगदी थोडी वीज लागते, तिथे ही पद्धत शोभते. कारखान्यातील पाइपवर बसवलेला तापमापक दिवसातून काही वेळा आकडा पाठवतो आणि उरलेला वेळ झोपून असतो. पूल, गोदामे, शीतगृहे, शेतातील मातीची ओल मोजणारी उपकरणे यांचेही असेच आहे. या प्रत्येकात आज बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की कोणीतरी तिथपर्यंत जाऊन बदलावी लागते आणि जुनी कचऱ्यात जाते. लक्झेंबर्गच्या प्रयोगात अशाच छोट्या, तापमान मोजणाऱ्या स्वयंपूर्ण उपकरणाला वीज देण्यासाठी ०.३ ग्रॅम वजनाचे दोन घटक पुरेसे ठरले.

यात फेऱ्यांची संख्या महत्त्वाची. एका फेरीत मिळणारा भार तापमानातील एकूण फरकावर ठरतो, त्यामुळे दिवसातून एकदा तापणाऱ्या पत्र्यापेक्षा मिनिटाला अनेकदा तापणाऱ्या-निवणाऱ्या यंत्राच्या भागावर जास्त वीज मिळते. शिवाय फेरी फार संथ असली की मिळालेला भार स्फटिकातूनच गळून जातो.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण टिकाऊपणाची. टीजीएस पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो बंद डबीत ठेवावा लागतो. रेणूंचे बहुतेक स्फटिक ठिसूळ असतात. त्यांना वारंवार तापवले-निववले की तडे जाण्याचा धोका असतो. दुसरी अडचण दिशेची. स्फटिकाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसले, तर एकूण परिणाम घटतो. तिसरी अडचण अंदाजाची. रेणूचे सूत्र हातात असले तरी तो कोणत्या रचनेत स्फटिक बनवेल, हे संगणकाला खात्रीने सांगता येत नाही. ‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी १९८८ मध्ये या उणिवेवर कडक टीका केली होती. त्यानंतर गणनपद्धती खूप सुधारल्या. संशोधक आता शेकडो संभाव्य रचना संगणकावर मांडून त्यांची ऊर्जा आणि ध्रुवीयता आधीच मोजतात. पण अनेक रचनांच्या ऊर्जेतला फरक इतका कमी असतो की अखेर काचपात्रात काय उगवते, ते पाहावेच लागते.

भारतात काय चालले आहे?

पुण्यातील आयसरमध्ये रामामूर्ती बूमीशंकर यांचा गट फॉस्फोनियम आणि अमोनियमची ध्रुवीय संयुगे घडवतो. हे स्फटिक लवचीक प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्यांचे वाकणारे पापुद्रे केले जातात. त्यामुळे ठिसूळपणाची अडचण कमी होते. या कामाचा मुख्य रोख दाब आणि कंपनांतून वीज मिळवण्यावर आहे, पण रेणूंना एका दिशेने बसवण्याचा प्रश्न दोन्हीकडे तोच. २०२१ मध्ये कोलकात्याच्या आयसरमधील सी. मल्ला रेड्डी आणि खरगपूर आयआयटीतील भानुभूषण खटुआ यांच्या गटांनी तुटल्यावर आपणहून पुन्हा जुळणारे सेंद्रिय स्फटिक दाखवले. तुटलेल्या पृष्ठभागांवर विरुद्ध भार तयार होतात आणि ते एकमेकांना ओढून घेतात. म्हणजे ज्या ध्रुवीयतेतून वीज मिळते, तीच स्फटिकाची जखमही भरून काढते.

पुढे कशाकडे लक्ष ठेवावे?

अशा शोधांच्या बातम्यांत ‘वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज’ एवढेच वाक्य ठळक होते. वाचकाने त्यापुढे तीन प्रश्न विचारावेत. मिळालेली ऊर्जा किती अंशांच्या बदलातून आणि किती ग्रॅम पदार्थातून आली? स्फटिकाने किती फेऱ्या झेलल्या? आणि प्रयोग खोलीच्या तापमानाला झाला की उणे तापमानाला? या तिन्हींची उत्तरे चांगली असतील, तर बाजाराच्या दिशेने खरे पाऊल पडले असे समजावे. तोवर या कामाची कमाई वेगळी आहे. कोणता रेणू कसा बसेल हे नशिबावर न सोडता, डाव्या-उजव्या गटांनी आणि इलेक्ट्रॉनच्या उडीने ते ठरवता येते, हे रसायनशास्त्राला समजू लागले आहे. शिशावाचून चालणारी, बॅटरी न बदलावी लागणारी उपकरणे प्रत्यक्षात आली, तर ती याच समजुतीवर उभी असतील.